एक किलो मीठ

तांड्यावर मंगळवारी काटा टांगतात लिंबाला.
खाली झोळी, धुरपदाबाईंनी शिवलेली:
लाल-निळा कशिदा, कवड्या, बोटभर आरसे.
रडणारं लेकरू तिच्यात बसलं की
आरशात स्वतःचं नाक बघून गप होतं.

"सहा किलो आठशे," धुरपदाबाई सांगतात.
रोशनी चव्हाण, नऊ महिने. हिरव्या पट्ट्यात टिंब.
हिरवं म्हणजे बरं चाललंय.
मी तिच्या दंडाला हात लावते.
दंड हिरव्यात नाही.

तीन वर्षांच्या वह्या चाळल्या.
सगळ्या हिरव्यागार,
येलदरीच्या कालव्यालगत असतं तसं रान.
याच वह्यांसाठी परभणीला माझा सत्कार झाला होता.
शाल मी घेतली होती.
त्या दिवशी मला एकही दंड आठवला नव्हता.

मोईनभाईंच्या दुकानातून एक किलो मीठ आणवलं.
बंद पुडा. झोळीत ठेवला.
काटा थरथरला, थांबला:
एक किलो चारशे.
"मिठातच खोट हाय," कुणीतरी म्हणालं.
दुसरा पुडा. तोही तेवढाच भरला.
मग झोळी रिकामी केली
आणि पहिल्यांदाच रिकाम्या झोळीचं वजन वाचलं.
चारशे.

सरकारी झोळी तीन वर्षांपूर्वी फाटली.
मागणीपत्र गेलं, झोळी आली नाही.
धुरपदाबाईंनी आपल्या लग्नातल्या फेटियाचा घेर उसवला.
"मऊ लागंल म्हनलं लेकरायला,"
एवढंच बोलल्या, आणि दातानं टाके तोडू लागल्या.
मी त्यांचा हात धरला.
तुमची चूक नाही, म्हणायचं होतं.
पण नऊ वर्षं शिकून आलेल्या मी तरी
काट्याचं शून्य कधी बघितलं होतं?

रात्री केंद्रात दोघी वजाबाकी करत बसलो.
दोनशे बारा लेकरं, प्रत्येकातून चारशे.
आरसे वजा. कवड्या वजा. घेर वजा.
टिंबं उतरत गेली पिवळ्यात,
एकोणीस लालमध्ये.
दोन टिंबं आम्ही उतरवलीच नाहीत.
ती लेकरं मागल्या उन्हाळ्यातली.
धुरपदाबाईंनी त्यांची नावं वाचली, आयांच्या नावांसकट,
आणि पंख्यानं पान उलटू नये म्हणून
वर मिठाचा पुडा ठेवला.

काट्याच्या पोटात एक बारका स्क्रू असतो.
सुरीच्या टोकानं फिरतो.
झोळी तशीच ठेवली, काटा शून्यावर आणला.
अकरा उपकेंद्रांना पत्र धाडलं:
पहिलं वजन मिठाचं, मग लेकरांचं.
चार काटे खोटे निघाले.
वरून विचारणा आली,
मीठ कोणत्या लेखाशीर्षाखाली खरेदी केले?
मी लिहून टाकलं: औषधे.

एकोणीस घरं, दर चौथ्या दिवशी.
आया सातला निंदायला जातात,
म्हणून आता केंद्र पहाटे साडेपाचला उघडतं.
शिपाई शिंकतो, कुरकुरतो, पण चहा ठेवतो,
आणि आया रांगेत नाही, ओट्यावर बसतात.
कधी कुणी येत नाही. मग आम्ही जातो.
एका घराला दोनदा कुलूप होतं. तिसऱ्यांदाही.

नऊ मंगळवार झाले.
रोशनी आज पुन्हा झोळीत.
सहा किलो आठशे.
तोच आकडा, पण या वेळी तिचा एकटीचा.
टिंब अजून पिवळ्यातच, वयही वाढलंय ना.
धुरपदाबाई आकडा दोनदा वाचतात,
मग मला वाचायला लावतात.
रोशनीनं एक कवडी तोंडात धरली आहे,
चोखते आहे, जोर लावून.
याडी ओढून काढायला बघते.
ती सोडत नाही.